बिनशब्दांची बटणं

आमच्याकडे कुठल्याही पंगतीत बसलं की शेजारचा माणूस दुसरी पोळी संपायच्या आत विचारतो, "पाव्हणं, तुमी काय करता?" हिंगोलीत या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. शेती, शाळा, दुकान, तहसील. मी मात्र वरणाची वाटी जवळ ओढतो, थोडा थांबतो आणि सांगतो, "मी चित्रांना अक्षरांच्या घरात राहायला पाठवतो." त्या माणसाचा घास हातातच राहतो. हा क्षण मला इतका आवडतो की गेल्या दहा-बारा वर्षांत एकाही पंगतीत मी तो वाया जाऊ दिलेला नाही.

पंगत उठायच्या आत खरं सांगून टाकतो. मी वेब ॲप बनवतो, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उघडणारे कामाचे प्रोग्राम. त्यात माझ्या खास लाडाचा विषय म्हणजे बटणांवरची चित्रं. घराचं चित्र, भिंगाचं चित्र, घड्याळाचं चित्र. वापरणाऱ्यांना ती चित्रं वाटतात, पण कित्येक ठिकाणी ती मुळात अक्षरं असतात. याला आयकॉन फॉन्ट म्हणतात.

हे समजायला माझ्या पहिल्या धंद्यात यावं लागेल. मी डीटीपीवाला होतो. लग्नपत्रिका, वाढदिवस, दुकानाची उद्घाटनं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे अस्सल बहुरूपी. कंप्युटरच्या हिशेबी आपण इंग्रजी अक्षरच टाईप केलेलं असायचं, फॉन्ट त्याला 'ज्ञ'चं सोंग चढवून उभं करायचा. फॉन्ट हजर आहे तोवर नाटक रंगायचं. फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर तीच फाईल उघडली की सोंग गळून पडायचं आणि मागचा माणूस दिसायचा. नरसीच्या एका घरची पत्रिका मी बाहेरगावच्या छापखान्यात पाठवली. त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता. त्यांनी आलं तसं छापलं. गठ्ठा घेऊन नवऱ्या मुलाचे मामा दुकानात आले, खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "पत्रिका इंग्रजीत काहून छापली? आमच्या घरी कुणाला इंग्रजी येत न्हाई." ती इंग्रजीही नाही, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. गठ्ठा ठेवून घेतला आणि पत्रिका पुन्हा छापून दिल्या.

आयकॉन फॉन्ट हा त्याच बहुरूप्याचा शहाणा भाऊ. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कंप्युटरमध्ये घरं नेमून दिलेली आहेत, आणि काही घरं मुद्दाम रिकामी ठेवलेली आहेत. तिथे ज्याने त्याने आपल्याला हवं ते राहायला आणावं. तिथे घराचं, भिंगाचं, घड्याळाचं चित्र आणून बसवायचं. मग ते चित्र अक्षरासारखं वागतं. लहान करा, मोठं करा, रंग बदला, कुरकुर नाही. शंभर चित्रांची मिळून एकच हलकी फाईल. दोष असा की नेटवर्क मंद असलं आणि ती फाईल फोनपर्यंत पोचलीच नाही, तर बटणावर नुसता रिकामा चौकोन दिसतो. आमच्या डोंगराकडच्या भागात माणसं फोन उंच धरून बांधावर चढतात, ती या चौकोनांत चित्र यावं म्हणून.

आता गोष्टीकडे येतो. औंढा नागनाथच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावाला लागून एक तांडा आहे. गावात आणि तांड्यात मिळून हळदीचं पीक भरपूर, आणि तिथल्या शेतकरी गटाने हळद शिजवायचा कुकर घेतलेला होता. शहरातल्या वाचकांनी गॅसवरचा कुकर डोळ्यांसमोर आणू नये. हे ट्रॅक्टरमागे ओढायचं धूड असतं. मधे वाफेची टाकी, भोवती चार ड्रम. जमिनीतून काढलेली ओली हळद ड्रमात भरायची, झाकण लावायचं, खालून वाफ सोडायची. हळद काढली की चार-सहा दिवसांत शिजली पाहिजे. उघड्यावर राहिली की सुकते, काळी पडते, सडते. म्हणून कुकरचा नंबर कधी आहे हे बघूनच माणूस जमिनीला हात घालतो.

नंबरांची यादी कुकर चालवणाऱ्या काशिनाथच्या खिशात असायची. काशिनाथ वाईट माणूस नाही. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढाच त्याचा दोष. रस्त्यात कुणी चहाला बसवलं की त्याचं नाव यादीत वर सरकायचं. तांडा त्याच्या चहाच्या वाटेवर नव्हता, त्यामुळे तांड्याची नावं दर साली खालीच राहायची. यावरून गटात भांडणं झाली, आणि शेवटी ठरलं की नंबर ज्याने त्याने आपल्या फोनवरून लावायचा. मला बोलावणं आलं.

त्या बैठकीत तांड्यातल्या केवळाबाई राठोड कोपऱ्यात बसल्या होत्या. पन्नाशीच्या, स्वतःची एकरभर हळद, मुलगी लग्न होऊन परभणीला, नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजी माझा नंबर मी सोता लावायचा? मंदात कुणी न्हाई?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

आणि इथे माझी अक्कल नाचायला लागली. मी मनाशी धरून चाललो की तांड्यातल्या बायांना वाचता येणार नाही. कुणाला विचारलं नाही. चित्र सगळ्यांना कळतं, हे मी इतक्या ठिकाणी इतक्या तालात सांगितलेलं होतं की माझा माझ्यावरच विश्वास बसला होता. मी ॲपमधले सगळे शब्द काढून टाकले. उरली शेतकऱ्यांची नावं आणि माझी चित्रं. नंबर लावायला अधिकची खूण. पाळी कधी ते बघायला घड्याळ. नंबर रद्द करायला कचऱ्याचा डबा. 'नक्की का?' असं विचारायच्या जागी बरोबरची खूण आणि फुली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. डबा दाबला की त्याचं झाकण वर उचललं जायचं, तुमच्या नावाची ओळ उडत येऊन आत पडायची आणि झाकण टपकन बंद व्हायचं. त्या झाकणावर मी दोन दिवस घालवले. दुकानात येईल त्याला ते उघडून दाखवत होतो.

मार्चमध्ये एका दुपारी काशिनाथचा फोन आला. "सर, तुमी या. केवळाबाई कुकरम्होरं बसून राहिल्या. उठून न्हाई राहिल्या."

मी पोचलो तेव्हा केवळाबाई ट्रॅक्टरच्या चाकासमोर मांडी घालून बसल्या होत्या. भोवती दहा-बारा माणसं. त्यांची हळद चार दिवसांपूर्वी काढलेली, शेतात पाल्याखाली झाकून ठेवलेली. आभाळ भरून आलं होतं. कुकर दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावाला निघणार होता आणि आठ-दहा दिवसांनी परतणार होता. तोवर त्या हळदीचं काय होईल हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"माझा नंबर आजचा हाय," त्या म्हणाल्या. "म्या लावलता."

"आजचा शेवटचा नंबर माझा हाय, बाई," काशिनाथ म्हणाला. "मी सोताला समद्यात खाली ठिवलं, कुणी नावं ठिवू नये म्हणून. तुमचं नाव यादीत कुठंच न्हाई."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. आता मला लाज वाटते, पण तेव्हा मला त्या वळलेल्या तोंडांची मजा वाटली. मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, चष्मा पुसला, यादी वरून खाली फिरवली आणि न्यायाधीशासारखा म्हणालो, "यादीत नाव नाही."

गावातले मोठे शेतकरी पुंडलिकआबा मागे उभे होते. ते म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलंल, बाई. तुमी इसरल्या असान."

केवळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "मंग म्या खोटं बोलून राहिले का?"

मी पुन्हा यादीकडे पाहिलं, आणि तेच सगळ्यांनी उत्तर धरलं. त्या उठल्या, लुगड्याची माती झटकली. "हळद सडली तर सडंल. पर म्या नंबर लावलता. दोनदा लावलता." आणि तांड्याच्या वाटेला लागल्या.

मी लॅपटॉप मिटणार होतो. मिटला नाही, याबद्दल आजही स्वतःला थोडे गुण देतो. सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो. कुठल्या फोनवरून, किती वाजता, काय दाबलं. मी मारुतीच्या पारावर बसून ती उघडली. मंगळवारी सकाळी केवळाबाईंच्या फोनवरून आजचा नंबर लागला होता. मिनिटभराने त्याच फोनवरून रद्द झाला होता. गुरुवारी पुन्हा तेच. लावला आणि लगेच काढला. दोन्ही वेळा 'नक्की का?'च्या खुणेला बरोबर म्हणून दाबलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या रोजनिशीत दिसली. बाकी सगळे नंबर एकाच फोनवरून लागले होते, काशिनाथच्या. गावाने ॲपला हात लावलाच नव्हता. "काशिनाथ, लाव रे माझा" असं सांगून सगळे मोकळे झाले होते. जिल्हाभर ज्या ॲपचं मी कौतुक सांगत फिरत होतो, ते स्वतःच्या हाताने वापरणारी बाई एकच होती, आणि तिला मी नुकतंच चारचौघांत खोटं ठरवलं होतं.

मी शेतात गेलो. केवळाबाई पाल्यावर गोणपाट टाकून वर दगड ठेवत होत्या. मी म्हणालो, "बाई, नंबर कसा लावला ते एकदा मला दाखवा."

"परत काहून? मंगळवारी लावला, गुरुवारी बघते तर न्हाई, म्हणून परत लावला. तुमच्या मशीनमंदी माझं नाव ऱ्हात न्हाई."

"म्हणूनच बघायचंय."

त्यांनी कमरेची पिशवी उघडून फोन काढला, हात पुसले आणि अधिकची खूण दाबली. नाव आलं. एकदम बरोबर. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच त्यांचा अंगठा सरळ कचऱ्याच्या डब्याकडे गेला.

"थांबा, हे कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण हळद कशी असते असं विचारणाऱ्याकडे पाहू. "नुसता नंबर लावून काय करता? हळद ड्रमात घालाय लागती का न्हाई?" त्यांनी दाबलं. मग बरोबरची खूण दाबली, कारण काम बराबर झालं होतं. माझं लाडकं झाकण वर उचललं गेलं, 'केवळाबाई राठोड' ही ओळ उडत आत पडली, झाकण बंद झालं. "बघा," त्या समाधानाने म्हणाल्या. "झाकण बी लागलं."

शेतातून खाली कुकर दिसत होता. उभा गोल ड्रम, अंगावर उभ्या पट्ट्या, वर झाकण, झाकणाला कडी. मी फोनकडे पाहिलं. उभा गोल डबा, अंगावर तीन उभ्या रेघा, वर झाकण, झाकणाला कडी. जगभरच्या कंप्युटरवाल्यांना त्यात कचऱ्याचा डबा दिसतो. पण त्या शिवारात कचऱ्याला डबा नसतोच. कचरा उकिरड्यावर जातो आणि त्याचं खत होतं. झाकणाचा ड्रम मात्र तिथे एकच, आणि ॲपही त्याच ड्रमाच्या नंबराचं. केवळाबाईंनी चित्र अगदी बरोबर ओळखलं होतं. चुकीचं चित्र मी लावलं होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी गोणपाटावर आणखी एक दगड ठेवला. मग म्हणाल्या, "मंग खाली तसं लिवायचं की. नंबर काढून टाका, आसं."

"मला वाटलं, वाचायला अडचण येईल..."

"कुणाला?"

मी पाल्याकडे बघितलं.

"सातवी पास हाय मी," त्या म्हणाल्या. "लेकीला मेसेज मीच लिवते. बचत गटाचा ठराव मी लिवते. तुमी इचारलं व्हतं का मला?" मी मान आडवी हलवली. "तुमाला वाटलं, तांड्याची बाई, हिला काय वाचता येतंय. म्हणून शब्द काढले. आन चित्र दिलं ते बी कचऱ्याचं."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. गहू निवडताना खडा बाजूला काढावा, तसं म्हणाल्या.

"चला," मी म्हणालो. "कुकर आहे तोवर खाली जाऊ."

"आदी त्यांना सांगा, मी खोटं बोलले न्हाई. कुकरचं मागून बघू."

आम्ही खाली आलो तेव्हा माणसं अजून पांगली नव्हती. मी काशिनाथच्या, पुंडलिकआबांच्या, सगळ्यांच्या समोर सांगितलं. बाईंनी नंबर दोनदा लावला होता. तो माझ्या चित्रामुळे गेला. मशीनमध्ये दोन्हींची नोंद आहे. चूक माझी, आणि न बघता यांना खोटं पाडलं ती त्याहून मोठी चूक, तीही माझीच. लॅपटॉप फिरवून नोंद दाखवली. पुंडलिकआबांनी वाकून पाहिलं, त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

काशिनाथ हाताला लागलेली काजळी चिंधीने पुसत होता. मग म्हणाला, "माझे चार ड्रम हायेत. दोन तुमी घ्या, दोन मी घेतो. लांबंल काम, पर दोघांचं व्हईल."

आबा म्हणाले, "एका टायमाला दोन घरची हळद? आपल्याकडं असं करत न्हाईत. कुणाची कोणती, वांधा व्हतो."

"ड्रम येगळे हायेत, आबा," काशिनाथ म्हणाला. "वाफ तेवढी एक."

गावात ते पहिल्यांदाच झालं. तांड्यातल्या आठ बाया पाट्या-टोपल्या घेऊन आल्या, काशिनाथच्या घरची माणसं आली. मीही पाट्या उचलल्या. मी उचललेल्या प्रत्येक पाटीतून अर्धी हळद वाटेत सांडत होती आणि ती वेचायला एक बाई माझ्यामागे ठेवावी लागली, असं केवळाबाई अजून सांगतात. ड्रम उघडला की त्या एक हळकुंड काढून त्यात काडी टोचायच्या. आरपार गेली की मान डोलवायच्या. रात्री उशिरापर्यंत त्यांची शेवटची पाटी ड्रमात पडली होती. पाल्याखालचा सगळ्यात खालचा थर तेवढा काळा पडला होता. ती हळद त्यांनी वेगळी काढली, त्यातला एक मऊ पडलेला गड्डा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमच्या वाट्याचं."

मी घेतला. न घेऊन सांगतो कोणाला.

दुसऱ्या दिवशी मी शब्द परत आणले. आधी लिहिलं, 'आरक्षण रद्द करा'. केवळाबाईंना फोनवरून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे कोण बोलतं?" मग लिहिलं, 'नंबर काढून टाका'. त्या बटणावर आता चित्र नाही, नुसते तीन शब्द. आणि कचऱ्याचा डबा मी 'नंबर लावा'च्या बटणावर नेऊन बसवला, झाकणासकट. दाबलं की झाकण उघडतं, नाव आत जातं आणि नंबर लागतो. मागे एकदा पुण्याच्या एका तरुण प्रोग्रामरने माझा कोड चाळला आणि नम्रपणे लिहिलं, "सर, नोंदणीच्या बटणावर चुकून डिलीटचा आयकॉन लागलाय." मी उत्तर दिलं, "तो हळदीचा ड्रम आहे. आमच्याकडे या, दाखवतो." तो अजून आलेला नाही.

आता आयकॉन फॉन्टचे दिवस ओसरत आहेत. नवी मंडळी चित्रं दुसऱ्या पद्धतीने बसवतात, त्यात रिकामा चौकोन येत नाही. चांगलं आहे. मीही शिकलो. पण कुठलंही नवं काम आलं की मी आधी चित्रांचा कागद घेऊन ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, हे काय दिसतंय? शिंप्याने एक सांगितलं, नर्सबाईंनी दुसरंच, मेंढपाळाने तर माझी झोपच उडवली. आणि दुसरा प्रश्न विचारतो, तुम्हाला वाचायला आवडेल की बघायला? हे दोन प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने दिलेले नाहीत. एक बाई स्वतःची हळद पणाला लागलेली असताना ते देऊन गेली, आणि वर मला चहाही पाजला. या धंद्याने मला पुष्कळ दिलं. त्यातलं हे सगळ्यात वरचं.

पुढच्या हंगामात मी सहज त्या गावी गेलो होतो. केवळाबाई खळ्यात बसून शिजलेल्या हळदीतून गड्डे आणि कांड्या वेगळ्या करत होत्या. पुंडलिकआबा फोन घेऊन आले. काशिनाथ पुढच्या गावाला गेला होता, त्यामुळे आबांची पंचाईत झाली होती. त्यांनी फोन पुढे केला. "केवळाबाई, माझा एवढा नंबर लावून द्या. मला हे जमत न्हाई."

केवळाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. "लिवलेलं हाय, आबा. वाचा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळदीकडे पाहू लागलो. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, फोन हातभर लांब धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "नं-ब-र ला-वा."

"हां," केवळाबाई म्हणाल्या. "आता दाबा."